पाण्यात न दिसणारी दोरी

सह्याद्रीत भोर तालुक्यात उगम पावलेली नीरा नदी शिरवळजवळ येते, तेव्हा तिच्या एका काठाला पुणे जिल्हा असतो आणि दुसऱ्या काठाला सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका. पुढे वीर धरणाने तिचे पाणी अडवले आहे. अशा पाण्याच्या काठी गळ टाकून तासन्‌तास बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या हातातील बारीक, चकचकीत दोरीला आपण तंगूस म्हणतो. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकपदरी धागा.

अलीकडे शहरांतील दुकानांत आणखी एक दोरी मिळू लागली आहे. तिचे नाव फ्लुओरोकार्बन. दिसायला ती तंगुसासारखीच असते, पण किंमत मात्र बरीच जास्त. 'ही दोरी पाण्यात माशाला दिसत नाही' असे तिच्याविषयी सांगतात. अमेरिकेत 'बास' नावाचा शिकारी मासा गळाने पकडणाऱ्या शौकिनांमध्ये ती फार लोकप्रिय आहे. आपल्या नीरेत बास नाही. मग त्या दोरीसाठी आपण जास्त पैसे मोजावेत का? या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराला विचारण्याची गरज नाही. ते तुमच्या पदार्थविज्ञानाच्या आणि रसायनाच्या पाठ्यपुस्तकांतच आहे. चला, शोधून पाहू.

वस्तू दिसते कशी?

काच पारदर्शक आहे, तरी खिडकीची काच आपल्याला दिसते. असे का? प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना त्याचा वेग बदलतो. त्यामुळे काही प्रकाश सीमेवरून परत फिरतो आणि उरलेला वाकून आत जातो. हा बदल किती होईल ते माध्यमाच्या अपवर्तनांकावरून कळते. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत जितका फरक जास्त, तितकी त्यांमधील सीमा ठळक दिसते. फरक शून्य असेल तर सीमाच दिसणार नाही.

आता आकडे पाहा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, नायलॉनचा सुमारे १.५३ आणि फ्लुओरोकार्बन दोरीचा सुमारे १.४२ आहे. म्हणजे नवी दोरी पाण्याच्या अधिक जवळची आहे. पण 'अधिक जवळची' म्हणजे 'अदृश्य' नव्हे. किती फरक पडतो ते मोजता येते. प्रकाश सीमेवर सरळ पडला, तर परत फिरणारा भाग काढण्यासाठी दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागायचे आणि आलेल्या संख्येचा वर्ग करायचा.

नायलॉनसाठी : ०.२० ÷ २.८६ = ०.०७०, वर्ग ०.००४९, म्हणजे सुमारे अर्धा टक्का.

फ्लुओरोकार्बनसाठी : ०.०९ ÷ २.७५ = ०.०३३, वर्ग ०.००११, म्हणजे सुमारे एक दशांश टक्का.

नव्या दोरीवरून साडेचार पट कमी प्रकाश परत फिरतो. फायदा खरा आहे. मात्र दोरी पूर्णपणे नाहीशी होत नाही, हेही याच गणिताने सिद्ध होते. हवेत तर नव्या दोरीवरूनसुद्धा सुमारे तीन टक्के प्रकाश परत येतो. म्हणून दुकानात हातात घेऊन पाहिले, तर दोन्ही दोऱ्या जवळजवळ सारख्याच चमकताना दिसतात.

कापसापासून फ्लुओरीनपर्यंत

पूर्वी गळासाठी आणि जाळ्यांसाठी कापूस, ताग अशा वनस्पतींचे धागे वापरीत. ते पाण्यात राहून कुजत. त्यामुळे जाळी वरचेवर वाळवावी लागत. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार केले आणि कोळ्यांचे हे काम पुष्कळच हलके झाले. नायलॉन कुजत नाही, ताणले तरी सहज तुटत नाही आणि मासा हिसका देतो तेव्हा थोडे लांबून तो हिसका सोसते.

पण नायलॉनमध्ये एक उणीव आहे. त्याच्या लांब रेणूत ठरावीक अंतरावर नायट्रोजन व ऑक्सिजन असलेले गट असतात. त्यांना पाण्याचे रेणू चिकटतात व धाग्यात शिरतात. भिजलेले नायलॉन मऊ पडते आणि त्याची ताकद सुमारे १० ते १५ टक्क्यांनी घटते.

फ्लुओरोकार्बन दोरी 'पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड' या बहुवारिकाची असते. नाव लांबलचक असले तरी रचना सोपी आहे. कार्बनच्या साखळीत एका कार्बनला दोन हायड्रोजन, तर पुढच्या कार्बनला दोन फ्लुओरीन, अशी ओळ चालू राहते. फ्लुओरीन आपले इलेक्ट्रॉन अगदी घट्ट धरून ठेवतो. प्रकाशाच्या लहरींनी ते फारसे हलत नाहीत, म्हणून अपवर्तनांक कमी राहतो. पाणीही या पदार्थात जवळजवळ शिरत नाही. जपानमधील कुरेहा कंपनीने १९७१ साली या पदार्थाची मासेमारीची दोरी बाजारात आणली.

बुडणे, गुंडाळणे आणि गाठ

गुण केवळ एका बाजूने पाहू नयेत. पाण्याची घनता १ धरली, तर नायलॉनची १.१४ आणि फ्लुओरोकार्बनची सुमारे १.७८ आहे. पाण्याच्या तुलनेत नायलॉनचे जादा वजन ०.१४ आणि नव्या दोरीचे ०.७८, म्हणजे साडेपाच पट. त्यामुळे ती लवकर बुडते. आमिष तळाशी न्यायचे असेल तर हे सोयीचे. पृष्ठभागावर ठेवायचे असेल तर अडचणीचे.

शिवाय ही दोरी ताठ असते. रिळावर बराच काळ राहिली की तिला वेटोळ्यांची सवय लागते आणि सोडताना ती गुंतते. गाठ कोरडी आवळली तर घर्षणाने तापून नेमकी तेथेच कमजोर होते. म्हणून गाठ आवळण्यापूर्वी पाण्याने ओली करावी. नायलॉनलाही हा नियम हिताचाच आहे.

जाडीविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवा. दोरीची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. ०.२५ मिलिमीटरऐवजी ०.३५ मिलिमीटरची दोरी घेतली, तर व्यास १.४ पट होतो आणि ताकद जवळजवळ दुप्पट. पण दोरी जितकी जाड तितकी ती अधिक दिसणार!

नीरेच्या पाण्यात काय होईल?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पावसाळ्यात नीरेचे पाणी मातीने गढूळ होते. हातभर अंतरावरचेही ज्या पाण्यात दिसत नाही, तेथे अपवर्तनांकाचा फरक मासा कसा ओळखणार? पाऊस संपला की गाळ बसतो आणि पाणी निवळू लागते. म्हणजे एकाच जागी श्रावणात निरुपयोगी ठरलेली दोरी माघात उपयोगी ठरू शकते.

पाणी किती निवळ आहे हे मोजण्याची सोपी रीत इटलीतील आंजेलो सेकी यांनी १८६५ साली वापरली. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी दोरीला आडवी बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. पांढरी थाळी आणि खाली एक दगड बांधला की तुमचेही उपकरण तयार होईल. हा प्रयोग वडीलधाऱ्यांबरोबर, सुरक्षित जागी उभे राहूनच करा.

मासा कोणता, हेही पाहिले पाहिजे. मृगळ, रोहू यांसारखे मासे अन्न शोधताना वासावर आणि चवीवर पुष्कळ भिस्त ठेवतात. कणकेच्या गोळ्याकडे येणाऱ्या अशा माशासाठी साधा तंगूस पुरतो. मरळ मात्र बासप्रमाणे डोळ्यांनी भक्ष्य टिपणारा शिकारी आहे. मग त्याला फ्लुओरोकार्बन हवे का? येथेही घाई नको. मरळ बहुधा पाणवनस्पतींच्या गर्दीत, वरच्या थरात दबा धरतो. तेथे बुडणारी दोरी नको आणि बारीक दोरी तर नकोच.

निवळ पाणी आणि डोळस मासा, असे दोन्ही जमले तरी सगळी दोरी महागडी घ्यावी लागत नाही. माशाच्या नजरेसमोर येतो तो गळाकडचा शेवटचा तुकडा. तेवढी मीटर-दीड मीटर दोरी फ्लुओरोकार्बनची जोडून बाकी तंगूस ठेवला, तर थोड्या खर्चात काम होते.

खरी की नुसता लेप?

काही दोऱ्या मुळात नायलॉनच्या असतात आणि त्यांवर फ्लुओरोकार्बनचा केवळ पातळ लेप असतो. नावातील सारखेपणामुळे गिऱ्हाईक फसू शकते. हे ओळखण्यासाठी पुढील प्रयोग करा.

प्रयोग १ : पेलाभर पाण्यात मीठ विरघळवत राहा. तळाशी मीठ उरू लागले की वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्या. या संपृक्त द्रावणाची घनता सुमारे १.२० असते. दोरीचा दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा साबणाच्या पाण्याने ओला करा, म्हणजे त्याला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत. मग तो द्रावणात बुडवून सोडा. नायलॉन वर येईल. अस्सल फ्लुओरोकार्बन तळाशी जाईल. दोन्ही दोऱ्या साध्या पाण्यात टाकल्या तर काय होईल, ते आधी वहीत लिहा आणि मग पाहा.

प्रयोग २ : बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी ग्लिसरीनने भरून, ग्लिसरीनच्याच भांड्यात उभी धरा. दोघांचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे. नळी जवळजवळ दिसेनाशी होते!

प्रयोग ३ : शिक्षकांच्या देखरेखीखाली बारीक तंगुसाला बादली टांगा. ती जमिनीपासून चार बोटांहून वर नसावी. दोरी तुटेपर्यंत मापाने पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम. बादलीचे वजन धरायला विसरू नका. तोंड दोरीपासून दूर ठेवा. कोरडा तंगूस, रात्रभर भिजवलेला तंगूस आणि मध्ये गाठ मारलेला तंगूस यांची तुलना करा.

एक इशारा : दोरी ओळखण्यासाठी ती कधीही जाळून पाहू नका. फ्लुओरीन असलेला पदार्थ जळताना हायड्रोजन फ्लुओराइड हा अत्यंत घातक वायू निघू शकतो.

न कुजण्याची दुसरी बाजू

न कुजणे हा दोरीचा मोठा गुण, असे आपण वर म्हटले. दोरी हातात आहे तोवर ते खरे. ती तुटून काठावर राहिली की तोच गुण दोष होतो. नायलॉन उन्हाने हळूहळू ठिसूळ तरी होते. फ्लुओरोकार्बन उन्हालाही दाद देत नाही. हेच बहुवारिक इमारतींच्या बाहेरील पत्र्यांच्या टिकाऊ रंगात वापरतात ते याच कारणाने. वीर धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात. बगळे आणि पाणकावळे तर नेहमीचेच. माशाला न दिसणारी दोरी त्यांना तरी कशी दिसावी? पायात किंवा पंखात तिचे वेटोळे अडकले, की ते पाखराच्या धडपडीने अधिकच घट्ट होते.

म्हणून गळ टाकायला जाणाऱ्याने धरणावर मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे याची चौकशी करून परवानगी घ्यावी आणि दोरीचा प्रत्येक तुकडा परत घरी आणावा. टाकताना त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करावेत, म्हणजे त्याचा फास होणार नाही.

आणि तुम्ही गळ टाकणारे नसलात, तरी पुढच्या सहलीत वर्गाने मिळून काठावरची दोरी गोळा करा. शाळेत आणून तिचे तुकडे मिठाच्या पाण्यात टाका. किती वर आले, किती तळाशी गेले? तुमच्या गावच्या पाण्यात कोणती दोरी मागे राहते आहे, याची ती पहिली नोंद होईल.