यीस्ट आणि मासळीचे तेल

यीस्ट म्हटले की आपणांस पाव किंवा मद्य आठवते. परंतु 'यारोविया लिपोलिटिका' या यीस्टची तऱ्हाच निराळी. द्राक्षशर्करा भरपूर आणि नत्र कमी मिळाले, की ते मद्य न करता पेशीत चरबी साठविते. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी हा गुण हेरला.

'ईपीए' हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल मुख्यतः मासळीच्या तेलातून मिळत आले. मासळीला ते मुळात सूक्ष्म शैवालांपासून लाभते. म्हणून शैवाले व इतर जीवांची जनुके या यीस्टमध्ये बसविली. २०१३ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार त्याच्या चरबीत ५६.६ टक्के ईपीए उतरले.

समुद्रावरचा भार यामुळे हलका होऊ शकेल. मात्र यीस्टला लागणारी शर्करा शेतातूनच येते. एकाचे ओझे उतरविताना ते दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर जाते, हेही आपण पाहिले पाहिजे.