पेशीचे दार आणि औषध

रक्ताच्या एका थेंबात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि या काळात स्वतःहूनही अरुंद अशा केशवाहिन्यांतून असंख्य वेळा पार होते. ती फाटत नाही, कारण ती लवचीक असते. ही लवचीकता पेशीतील पाण्यावर अवलंबून असते आणि पाणी क्षारांच्या मागोमाग जाते.

क्षारांचे विद्युतभारित कण म्हणजे आयन. पेशीच्या आत पोटॅशियमचे, तर बाहेर सोडियमचे आयन अधिक असतात. हा फरक राखण्यासाठी पेशीपटलातील एक पंप अखंड चालतो. प्रत्येक फेरीत तो सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमचे २ आयन आत घेतो. हृदयविकारावरील काही औषधांमुळे तांबड्या पेशींतील ही वाहतूक थांबते, असे १९५३ मध्ये हान्स शाट्झमान यांनी दाखवून दिले.

या ज्ञानाचा आपल्याशी काय संबंध? विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात अनेक कुटुंबांना सिकलसेल हा आनुवंशिक आजार भोगावा लागतो. प्राणवायू सोडल्यावर या रुग्णांचे हिमोग्लोबिन धाग्यांसारखे एकत्र जुळते व पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशीत कॅल्शियम शिरते. त्यामुळे पटलातील एक दार उघडते. हंगेरीच्या गार्डोस यांनी १९५८ मध्ये त्याचे वर्णन केले. या दारातून पोटॅशियम बाहेर पडते, त्यामागे पाणीही जाते. पेशी सुकते, हिमोग्लोबिन दाट होते आणि पेशी अधिकच लवकर वाकते. असे हे दुष्टचक्र आहे.

गजकर्णावरील मलमात वापरले जाणारे क्लोट्रिमॅझोल हे दार बंद करते, असे १९९० च्या दशकात आढळले. त्याच दिशेने पुढे सेनिकापॉक हे औषध तयार झाले. त्याने रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले व पेशींचा नाश घटला. परंतु असह्य वेदनांचे झटके कमी झाले नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष एक धडा देतो: एक दार बंद झाले, म्हणजे संपूर्ण आजार बरा झाला असे नव्हे.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध निराळ्या वाटेने जाते. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, म्हणून धागे जुळण्यास अडथळा येतो. त्याने अनेक रुग्णांचे झटके कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.

विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर वारंवार पाणी पिण्यास सांगतात. हा सल्ला साधा वाटतो. पण त्यामागे पेशीच्या दाराचे हे सारे शास्त्र उभे आहे.

स्वाध्याय
१. पोटॅशियम बाहेर गेल्यावर पेशी का सुकते?
२. सेनिकापॉकच्या अनुभवातून कोणता धडा मिळतो?