भोक मोठे, भिंत पातळ

अमेरिकेत १९७० साली होंडा कंपनीची तीनचाकी गाडी आली. ती वाळूत, चिखलात चाले. पण वळणावर उलटे. माणसे दगावली. म्हणून १९८८ साली नव्या गाड्यांची विक्री थांबली. जुन्या गाड्या हौशी लोक अजून जपतात.

काहींना इंजिनाचा जोर वाढवायचा असतो. ते सिलिंडर आतून कापून रुंद करतात. त्यात मोठा पिस्टन बसवतात. जोर वाढतो खरा. पण सिलिंडरची भिंत पातळ होते. उष्णताही वाढते. मग भिंत तडकते, नाहीतर पिस्टन अडकतो. भर वेगात चाके जाम झाली, तर जिवावरच बेतायचे!

म्हणून झीज काढण्यापुरतेच कापावे. जास्त पाणी मावावे म्हणून घागर आतून खरवडली, तर ती टिकेल का?