'लोकेशन पाठव' म्हटल्यावर आपण नेमकं काय पाठवतो? पिन टाकणं, सेव्ह करणं, शेअर करणं समजून घ्या

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री पावणेबारा वाजता जुन्नर तालुक्यातल्या आमच्या मळ्यातून आजीचा फोन आला. आजोबांना दम लागला होता, छातीत दुखत होतं. मी पुण्यात होते. रुग्णवाहिका बोलावली आणि चालकाचा फोन आल्यावर त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवलं. काम झालं, असं मला वाटलं.

वीस मिनिटांनी परत फोन आला. "मॅडम, लोकेशनवर आलोय. समोर मारुतीचं देऊळ आहे. आता पुढं कुठं?"

मी पाठवलं होतं गावाचं लोकेशन. नकाशात गावाचं नाव शोधलं, जे आलं ते शेअर केलं. आमचं घर मात्र गावठाणात नाही, तिथून दोन किलोमीटरवर मळ्यात आहे. मग सॅटेलाइट नकाशावर घराचं पत्र्याचं छप्पर शोधून मी दुसरी पिन पाठवली. गाडी निघाली आणि पुन्हा अडकली. या वेळी ती कॅनॉलच्या पलीकडच्या काठावर उभी होती. घरातला दिवा चालकाला दिसत होता, पण मधे पाणी होतं आणि पूल नव्हता. शेवटी चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन गेला आणि गाडीच्या पुढे राहून त्याने तिला घरापर्यंत आणलं.

आजोबा आज बरे आहेत. पण त्या रात्री जवळपास अर्धा तास गेला, आणि तो माझ्यामुळे गेला. फोन चालू होता, रेंज होती, नकाशाही होता. मी काय पाठवते आहे, हेच मला माहीत नव्हतं.

एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी

'लोकेशन' या एकाच शब्दाखाली आपण चार निरनिराळ्या गोष्टी पाठवत असतो.

एक, नाव असलेली जागा. म्हणजे नकाशावर आधीच नोंदवलेलं हॉटेल, शाळा, गाव. गावाचं नाव शोधलं की नकाशा गावासाठी ठरवलेला एक बिंदू दाखवतो. तो बहुतेक वेळा गावठाणात कुठेतरी असतो. वाड्या-वस्त्या त्या बिंदूत येत नाहीत.

दोन, तुमच्या फोनची सध्याची जागा. यात एक साधी गोष्ट आपण विसरतो. ही जागा फोनची असते, घराची नाही. मी पुण्यातून 'करंट लोकेशन' पाठवलं असतं, तर रुग्णवाहिका माझ्या खोलीवर आली असती.

तीन, हाताने टाकलेली पिन. नकाशावर बोट दाबून धरून तुम्ही स्वतः निवडलेला बिंदू.

चार, लाइव्ह लोकेशन. तुम्ही हलाल तसा हलणारा ठिपका, ठरावीक वेळेपुरता.

कुणाला एखाद्या ठिकाणी बोलवायचं असेल, तर बहुतेक वेळा तिसरा पर्याय लागतो. आपण मात्र सवयीने पहिला किंवा दुसरा वापरतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी एक घोळ होतो. लोकेशनचं बटण दाबलं की 'सध्याचं लोकेशन पाठवा' या पर्यायाखाली आसपासच्या दुकानांची, देवळांची यादी येते. घाईत बोट तिथे लागलं, तर तुमच्याऐवजी त्या दुकानाचं लोकेशन जातं.

निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ काय सांगतं?

गूगल मॅप्समध्ये तुमची जागा निळ्या ठिपक्याने दिसते. कधी कधी त्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं. ते शोभेसाठी नाही. 'तुम्ही या वर्तुळात कुठेतरी आहात, नेमके कुठे ते खात्रीने सांगता येत नाही,' असं फोन त्यातून सांगत असतो. वर्तुळ जितकं मोठं, तितका अंदाज ढिला.

असं का होतं? फोन किमान चार उपग्रहांचे सिग्नल पकडून स्वतःची जागा काढतो. मोकळ्या आभाळाखाली साध्या स्मार्टफोनची चूक साधारण पाच मीटरच्या आत राहते. पण घरात, पार्किंगच्या तळघरात, उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत किंवा डोंगराच्या कपारीत सिग्नल अडतात किंवा भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात. मग फोन आसपासचे वायफाय आणि मोबाइल टॉवर यांवरून अंदाज बांधतो, आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो.

उपाय सोपा आहे. अंगणात, गच्चीवर किंवा रस्त्यावर या, अर्धा-एक मिनिट थांबा, वर्तुळ लहान होऊ द्या आणि मग पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप तर 'सध्याचं लोकेशन' या पर्यायाखाली किती मीटरपर्यंत अचूक आहे, तेही लिहून दाखवतं. तो आकडा दोनशे-तीनशे असेल, तर पाठवण्याची घाई करू नका.

पिन घरावर नको, फाटकावर हवी

माझी दुसरी चूक इथे झाली. मी पिन अगदी घराच्या छपरावर टाकली होती. मग गाडी कॅनॉलपलीकडे कशी गेली?

रस्ता दाखवणारं अ‍ॅप गाडीला पिनपर्यंत नेत नाही. त्याच्या माहितीतल्या, पिनला सगळ्यात जवळच्या रस्त्यापर्यंत नेतं. आमच्या घराला येणारी कच्ची वाट नकाशावर नव्हती. घरापासून सरळ रेषेत सगळ्यात जवळचा रस्ता होता तो कॅनॉलच्या पलीकडचा. नकाशाच्या हिशेबात गाडी पोहोचली होती. हायवेच्या भलत्या बाजूला, रेल्वे रुळांपलीकडे किंवा सोसायटीच्या मागच्या भिंतीशी येऊन थांबणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांचं बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

म्हणून पिन अशी टाका:

- गूगल मॅप्समध्ये 'लेयर्स'च्या बटणावरून सॅटेलाइट दृश्य लावा. झाडं, छपरं, वाटा ओळखता येतात.
- नकाशा भरपूर मोठा करा आणि हव्या त्या जागी बोट दाबून धरा. लाल पिन उभी राहील.
- घरावर टाकण्याऐवजी गाडी जिथे वळायला हवी तिथे, म्हणजे फाटकावर, गेटवर किंवा कच्च्या वाटेच्या तोंडाशी पिन टाका.
- आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथेच 'डिरेक्शन्स' दाबा आणि जवळच्या मोठ्या रस्त्यापासून किंवा एसटी स्टँडपासून रस्ता काढून बघा. निळी रेघ तुम्हाला हवी तिथेच संपते का? नसेल, तर पिन सरकवून पुन्हा बघा.

ही तपासणी मिनिटभराची आहे, पण ती रात्री बाराला करायची नसते. आधीच करून ठेवायची असते.

सेव्ह केलेली पिन कोणाला दिसते?

पिन टाकल्यावर खाली 'सेव्ह' आणि 'लेबल' असे पर्याय दिसतात. लेबल म्हणजे तुम्ही त्या जागेला दिलेलं खासगी नाव. 'मळ्याचं फाटक' असं लेबल दिलंत, तर पुढच्या वेळी शोधताना तेवढं टाइप केलं तरी चालतं. पण हे नाव फक्त तुम्हाला दिसतं. पिन दुसऱ्याला पाठवली की त्याला ते नाव न दिसता नुसती पिन दिसते. म्हणून सोबत दोन ओळी लिहायला विसरू नका.

'सेव्ह' केल्यावर जागा एखाद्या यादीत जाते. 'आवडत्या जागा' किंवा 'जायचं आहे' यांसारख्या याद्या तयार असतात, आणि स्वतःचीही नवी यादी करता येते. यादी फक्त स्वतःपुरती ठेवता येते, लिंक देऊन निवडक लोकांना दाखवता येते किंवा सगळ्यांसाठी खुली करता येते. यादीतल्या प्रत्येक जागेखाली टीपही लिहिता येते. घरात लग्न असेल, तर हॉल, जेवणाची जागा, पाहुण्यांची उतरण्याची सोय आणि पार्किंग अशी चार ठिकाणांची एकच यादी करा आणि लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. प्रत्येकाला वेगळं लोकेशन पाठवत बसावं लागत नाही.

आपण सेव्ह केली म्हणजे ती जागा नकाशावर सगळ्यांना दिसते, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. सगळ्यांना दिसावी म्हणून नवी जागा जोडण्याची सोय वेगळी आहे. तिथे दिलेली माहिती गूगलकडून तपासली जाते आणि मान्य झाली तर नकाशावर येते. गावातलं आरोग्य उपकेंद्र, शाळा, न दाखवलेला रस्ता यांसाठी ती जरूर वापरा. स्वतःचं घर मात्र त्यात टाकू नका. ती माहिती जगासमोर जाते.

इंटरनेट नसेल तर?

डोंगराळ भागात नेट गेलं की लोकेशनही गेलं, असं वाटतं. ते अर्धंच खरं आहे. उपग्रहांचा सिग्नल पकडायला इंटरनेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. त्यामुळे आपल्या तालुक्याचा नकाशा वायफायवर असताना ऑफलाइन डाउनलोड करून ठेवला, तर रेंज नसतानाही निळा ठिपका दिसतो.

मग जागा कळवायची कशी? आकड्यांनी. पिनवर टिचकी मारली की अक्षांश आणि रेखांश दिसतात, उदाहरणार्थ १८.५२०४, ७३.८५६७. हे पुणे शहरातलं एक ठिकाण आहे. दशांश चिन्हापुढचे चार आकडे दिले तर जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी कळते, पाच दिले तर सुमारे एका मीटरपर्यंत. हे आकडे साध्या एसएमएसने जातात, फोनवर वाचूनही दाखवता येतात. समोरच्याने ते नकाशाच्या शोधपट्टीत टाकले की झालं.

फक्त क्रम चुकवू नका. आधी अक्षांश, मग रेखांश. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ यांच्या आसपास असतो आणि दुसरा ७२ ते ८१ यांच्या दरम्यान. उलटा क्रम लागला, तर वर दिलेलं पुण्यातलं ठिकाण नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या थंडगार समुद्रात जाऊन पडतं.

आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून गूगलने 'प्लस कोड' आणले. पृथ्वीचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकाला अक्षरं आणि आकड्यांचा कोड दिला आहे. नेहमीच्या प्लस कोडचा एक चौकोन साधारण १४ मीटर बाजूचा असतो. पिन टाकली की कोड तिथेच दिसतो, आणि तो शहराच्या नावासह सांगितला की पुरतो.

टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी 'डिजिपिन' ही आपली पद्धतही आणली. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्यासोबत ती तयार झाली आहे. यात साधारण ४ मीटर बाय ४ मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा कोड आहे. तुमचा कोड टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा आकडी पिन कोड हा श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून आला होता. त्याने पत्राला योग्य टपाल कार्यालय सापडलं. डिजिपिनचा हेतू त्यापुढे जाऊन नेमकं दार सापडावं, हा आहे. त्यामुळे पिन कोड रद्द झालेला नाही. दोन्ही सोबत चालतात.

लाइव्ह लोकेशन: कोणाला, किती वेळ?

रात्रीच्या प्रवासात किंवा अनोळखी रस्त्यावर लाइव्ह लोकेशन फार उपयोगी पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं. गूगल मॅप्समध्ये वेळ ठरवता येते, आणि 'मी बंद करेपर्यंत' असाही पर्याय असतो.

धोका आहे तो याच शेवटच्या पर्यायात. सहलीच्या वेळी मित्राला दिलेलं लोकेशन महिनोन्‌महिने चालू राहिलेलं असू शकतं. गूगल मॅप्समधून लोकेशन शेअर करताना तुमच्या फोनची बॅटरी किती उरली आहे, हेही समोरच्याला दिसतं. म्हणून आत्ताच मॅप्समध्ये तुमच्या प्रोफाइल फोटोवर टिचकी मारा आणि 'लोकेशन शेअरिंग' उघडून बघा. जे नाव तिथे असायला नको, ते काढून टाका. दुसऱ्याच्या फोनवर त्याला न सांगता हे सुरू करणं म्हणजे काळजी नव्हे, पाळत आहे.

आज दहा मिनिटं काढा

त्या रात्रीनंतर आम्ही घरात तीन गोष्टी केल्या. मळ्याच्या फाटकाची पिन टाकून हायवेपासून रस्ता तपासला. ती सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह केली. आणि एक मेसेज लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर पिन करून ठेवला. त्यात लिंक आहे, अक्षांश-रेखांश आहेत आणि दोन ओळी आहेत: 'कॅनॉलच्या अलीकडच्या बाजूने या. पाण्याच्या टाकीनंतर डावीकडे कच्चा रस्ता. गाडी घरापर्यंत येते.'

आजीकडे साधा बटणांचा फोन आहे. तिच्यासाठी चुलतभावाने त्याच ओळी आणि ते आकडे मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहिले आणि दाराशेजारच्या कॅलेंडरखाली टांगले. पुढच्या वेळी कुणी 'लोकेशन पाठवा' म्हणालं, तर तिला फक्त ते वाचून दाखवायचं आहे.

तुमचे आई-वडील, आजी-आजोबा जिथे राहतात, त्या घरासाठी हे करायला दहा मिनिटं पुरतील. आज करून टाका.