श्वानाचा खाऊ : एक सात्म्यविचार

कोणतेही द्रव्य सर्वांना सर्वकाळ हितकर असते, असे आयुर्वेद मानीत नाही. ते कोणासाठी, किती मात्रेत व कोणत्या अवस्थेत दिले, यावर त्याचे हिताहितत्व ठरते. हत्तींसाठी पालकाप्याची व अश्वांसाठी शालिहोत्राची स्वतंत्र शास्त्रपरंपरा आपल्याकडे निर्माण झाली. प्राणिभेदाने आहार व औषध बदलते, ही जाणीव तिच्या मुळाशी आहे. आज घरोघरी श्वान पाळले जातात आणि स्वतःची प्रकृती दाखवून झाल्यावर, “आमच्या कुत्र्याला सारखी खाज सुटते, त्याला खाऊ काय द्यावा?” असे रुग्ण आम्हां वैद्यांना विचारतात. माणसाच्या पथ्यापथ्यावरून या प्रश्नाचे उत्तर देणे धोक्याचे आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

लक्षणे व कारणे

अन्न न मानवणाऱ्या श्वानात पंजे, कान, पोट व गुदभागी खाज, वारंवार कान वाहणे, तसेच पातळ मलप्रवृत्ती ही लक्षणे आढळतात. ऋतू बदलला तरी ती बहुधा टिकून राहतात. पिसवा, गोचीड व धुळीची ॲलर्जी यांमुळेही अशीच खाज सुटते. म्हणून निदान पशुवैद्यकाकडूनच व्हावे.

बहुतेकांची समजूत अशी, की दोष धान्याचा असतो. वस्तुतः शरीराची प्रतिक्रिया प्रायः प्रथिनांविरुद्ध असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २९७ श्वानांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत गोमांस सुमारे ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के व गहू १३ टक्के श्वानांत कारणीभूत आढळला. आपल्याकडील दूध-पोळी, बिस्किटे व कोंबडी यांचा समावेश या यादीत होतो, हे ध्यानी घ्यावे.

“तो लहानपणापासून हेच खातो” असे पालक सांगतात. परंतु ओकसात्म्याचा आधार येथे पुरत नाही. ॲलर्जी पूर्वी सेवन केलेल्या द्रव्याविरुद्धच निर्माण होते; त्यामुळे वर्षानुवर्षे पचलेला पदार्थही पुढे असात्म्य ठरू शकतो.

खाऊ हाही आहारच

असात्म्य द्रव्य शोधण्याचा विश्वसनीय मार्ग म्हणजे वर्जनाहार. श्वानाने पूर्वी न खाल्लेले एकच प्रथिन व एकच पिष्टमय द्रव्य, किंवा पशुवैद्यकाने सुचविलेला विघटित प्रथिनांचा आहार किमान आठ आठवडे दिला जातो. लक्षणे शमली की जुना आहार पुन्हा देऊन पाहतात. लक्षणे उलटली तर निदान पक्के होते. मग एकेक द्रव्य स्वतंत्रपणे, सुमारे दोन आठवडे देऊन पारखले जाते.

ही परीक्षा बहुधा जेवणामुळे बिघडत नाही, खाऊमुळे बिघडते. आजोबांनी चहासोबत दिलेला बिस्किटाचा तुकडा, गोळी लपविण्यासाठी वापरलेले पनीर, चघळण्यासाठी दिलेली चामड्याची कांडी, एवढेच नव्हे तर मांसाचा स्वाद असलेली जंताची गोळी, यांपैकी एकानेही आठवड्यांचे पथ्य निष्फळ होते. खाऊ देणारे हात घरात अनेक असतात. म्हणून सर्वांना एकच नियम सांगावा व काय दिले त्याची वही ठेवावी.

निवड कशी करावी?

परीक्षाकाळात सर्वांत निर्धोक खाऊ म्हणजे त्याच आहाराचा अंश. रताळे व मासे असा आहार असेल, तर रताळ्याच्या उकडून वाळविलेल्या चकत्या हाच खाऊ. तयार आहार चालू असेल, तर त्यातीलच दाणे बाजूला काढून बक्षीस म्हणून द्यावेत.

परीक्षा संपल्यावर एकाच घटकाचा खाऊ निवडावा. गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा किंवा फरसबी, मीठ-मसाला व तेल न घालता, थोड्या प्रमाणात चालतात. मात्र तेही एका वेळी एकच आरंभावे. विकतच्या खाऊच्या वेष्टनावर ‘धान्यविरहित’ असे लिहिले म्हणून तो निर्दोष ठरत नाही. त्यात कोंबडी असू शकते. घटकांची संपूर्ण यादी वाचावी, आणि ‘मांसजन्य पदार्थ’ असा मोघम उल्लेख असल्यास तो टाळावा. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक नसावा.

आपले पथ्य, त्याचे विष

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात फलवर्गात मृद्वीका श्रेष्ठ मानली आहे. तीच मनुका श्वानाचे वृक्क निकामी करू शकते. तिची निर्धोक मात्रा निश्चित झालेली नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे पशुविषतज्ज्ञांनी २०२१ साली सुचविले. चिंचेतही ते विपुल असल्याने तीही वर्ज्य समजावी. लशुन आपल्याकडे रसायन. श्वानात मात्र लसूण व कांदा रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, मग ते कच्चे असोत वा शिजविलेले.

यास्तव द्राक्षासव, लशुनादि वटी वा च्यवनप्राश ‘थोडेसे’ म्हणूनही श्वानास देण्याचा सल्ला कोणी देऊ नये. चॉकलेट व साखरविरहित गोळ्यांतील झायलिटॉल हेही विषवत आहेत. यांपैकी काही पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता श्वानास पशुवैद्यकाकडे न्यावे.

वैद्याची मर्यादा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. श्वानासाठी चूर्ण वा वटी लिहून देणे आपले काम नव्हे. परंतु पथ्य का पाळावे, एक घासही का महत्त्वाचा असतो, हे कुटुंबाला पटवून देण्याचे कौशल्य आपल्यापाशी निश्चित आहे. मुक्या प्राण्यास काय सोसवत नाही, ते तो सांगू शकत नाही. त्याची खाज व त्याचा कान तेवढे सांगतात. प्रेमाने पुढे केलेला खाऊ त्याला बाधू नये, एवढी दक्षता घरातील प्रत्येकाने घ्यावी, आणि विचारणाऱ्यास ती आपण समजावून द्यावी.