लेकींचा सामना आणि आपली वही

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. तो सामना बघून आपल्या घरातल्या मुलींनीही बॅट मागितली. आता रविवारी सकाळी आपण डबा, टोपी, पाण्याची बाटली घेऊन मैदानावर असतो. तिथं प्रशिक्षक विचारतात, "स्कोअर कोण लिहील?" आणि आपण एकमेकींकडे बघतो. आम्हीही तशाच बघायचो.

लहान मुलींच्या सामन्याला नेमलेले पंच आणि गुणलेखक दरवेळी मिळतातच असं नाही. मग ते काम पालकांनाच करावं लागतं. ते शिकता येतं.

आधी वही. प्रत्येक चेंडू तीन ठिकाणी मांडायचा: फलंदाजाच्या ओळीत, गोलंदाजाच्या चौकटीत आणि एकूण धावांत. धाव नसेल तर टिंब. वाइडला अधिकचं चिन्ह, नोबॉलला गोल. हे दोन्ही षटकाच्या सहा चेंडूंत मोजायचे नाहीत, पण त्यांच्या धावा गोलंदाजावर चढतात. बाय आणि लेगबाय मात्र फलंदाजाच्याही नाहीत आणि गोलंदाजाच्याही नाहीत. त्या फक्त अवांतर.

आम्ही चुकलो ते इथंच. पॅडला लागून चेंडू गेला, मुली एक धाव पळाल्या. पंचांनी गुडघा उचलून त्याला हात लावला. आम्ही गप्पांत होतो, खूण पाहिलीच नाही आणि धाव फलंदाजाला देऊन टाकली. सामना संपल्यावर गोलंदाज मुलगी वहीपाशी आली. "काकू, माझं निर्धाव षटक कुठंय?" डोळे भरलेले. दुसऱ्या वहीत ते बरोबर लिहिलेलं होतं. लेगबायनं निर्धाव षटक मोडत नाही. आम्ही तिची माफी मागितली आणि नोंद सुधारली.

तेव्हापासून नियम केला. पंचांनी खूण केली की हात वर करून 'पाहिली' असं कळवायचं आणि मगच लिहायचं. दर षटकानंतर दोन्ही वह्या ताडायच्या. शेवटी फलंदाजांच्या धावा आणि अवांतर मिळून एकूण धावा आल्याच पाहिजेत.

आता पंचाचं काम. खिशात सहा खडे ठेवा आणि मोजायच्या प्रत्येक चेंडूनंतर एक खडा दुसऱ्या खिशात टाका. धावचीत बघताना लक्षात ठेवा, बॅट रेषेवर असून चालत नाही, रेषेच्या आत टेकायला हवी. नोबॉलवर झेलबाद किंवा त्रिफळाचीत होत नाही, धावचीत होऊ शकते. बाद असल्याची खात्री नसेल तर बोट वर करू नका.

सगळ्यात अवघड वेळ येते ती आपलीच लेक खेळायला आल्यावर. तिला झुकतं माप द्यायचं नाही. लोक काय म्हणतील म्हणून उगाच कडकही व्हायचं नाही. मन डळमळत असेल तर दुसऱ्या पालकाला उभं करा. त्यात कमीपणा नाही.

त्या मुलीनं सहा चेंडू नीट टाकले होते. तिचं ते षटक वहीत नीट उतरावं, एवढंच आपलं काम. येत्या रविवारी डब्याबरोबर पेन्सिल आणि खोडरबरही घ्या.