शासकीय संशोधनाची गोपनीयता आणि कायदा : भारतीय तरतुदींचे एक विवेचन

प्रस्तावना

शासनाच्या पैशातून होणारे सर्वच संशोधन सर्वांसाठी खुले असावे, असे कोणी म्हणत नाही. क्षेपणास्त्राची मार्गदर्शन प्रणाली, अणुभट्टीतील एखादी प्रक्रिया किंवा पाणबुडीचा आराखडा परकीय हाती पडल्यास होणारी हानी उघड आहे. अशा माहितीभोवती कायद्याचे कुंपण असणे आवश्यकच ठरते. मात्र हे कुंपण नेमके कोठून कोठपर्यंत आहे, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या संशोधकाला आधी कळते काय, हा खरा प्रश्न आहे. भारतात या विषयावर एकच स्वतंत्र कायदा नाही. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम, अणुऊर्जाविषयक कायदे, १९७० च्या पेटंट अधिनियमातील काही कलमे, २००५ चा सामूहिक संहारक शस्त्रांसंबंधीचा अधिनियम आणि त्याच वर्षीचा माहितीचा अधिकार अधिनियम अशा निरनिराळ्या काळातील तरतुदींवर सर्व भिस्त आहे. या तरतुदी ‘गुपित’ कसे ओळखतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

१९२३ चा अधिनियम : ठिकाण, कागद आणि व्यक्ती

ब्रिटिश सत्तेने भारतात १८८९ मध्ये शासकीय गुपितांचा पहिला कायदा केला. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४ मध्ये, तो अधिक कडक करण्यात आला. १९२३ चा अधिनियम त्यांची जागा घेण्यासाठी आला आणि त्याचा साचा इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यावरून घेण्यात आला. १९११ चा कायदा जर्मन हेरांच्या भीतीच्या वातावरणात संमत झाला होता, हे ध्यानात घेतल्यास भारतीय अधिनियमाची भाषाही उलगडते. शस्त्रागार, गोदी, छावणी, बिनतारी केंद्र, नकाशा, रेखाचित्र, सांकेतिक शब्द ही त्याची शब्दसंपदा आहे. निषिद्ध ठिकाणाजवळ वावरणारा, तेथील कागद मिळविणारा आणि तो शत्रूला पोचविणारा असा हेर कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता. संगणकावर गणिती प्रतिमान तयार करणारा, परदेशी परिषदेत निबंध वाचणारा वैज्ञानिक त्यांच्या कल्पनेत असणे शक्यच नव्हते.

कलम ३ हेरगिरीसंबंधी आहे. संरक्षणविषयक बाबींत चौदा वर्षांपर्यंत आणि अन्य बाबींत तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. राज्याच्या सुरक्षिततेस बाधक हेतू दर्शविणारी एखादी विशिष्ट कृती सिद्ध झाली नाही, तरी प्रकरणाची परिस्थिती, आरोपीची वर्तणूक किंवा त्याचे सिद्ध झालेले चारित्र्य यांवरून तो हेतू गृहीत धरता येतो, असे याच कलमाचे दुसरे पोटकलम सांगते. फौजदारी कायद्याच्या सर्वसामान्य तत्त्वांशी परिचित असलेल्या वाचकास ही तरतूद निश्चितच खटकेल. कलम ५ ची व्याप्ती आणखी मोठी आहे. माहिती अनधिकृतपणे देणारा, ती जाणूनबुजून घेणारा, अधिकार नसताना जवळ बाळगणारा आणि तिची वाजवी काळजी न घेणारा असे सर्वच त्याच्या कक्षेत येतात.

एवढ्या व्यापक अधिनियमात ‘गुपित’ या शब्दाची व्याख्या मात्र कोठेही नाही. ‘अतिगुप्त’, ‘गुप्त’, ‘गोपनीय’ असे जे शिक्के कागदांवर दिसतात, ते गृह मंत्रालयाच्या प्रशासकीय सूचनांतून आलेले आहेत, अधिनियमातून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने समा अलाना अब्दुल्ला विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात कलम ३ चा अर्थ लावताना ‘गुप्त’ हे विशेषण केवळ सांकेतिक लिपी व परवलीचा शब्द यांनाच लागू पडते, रेखाचित्र, आराखडा, प्रतिकृती किंवा दस्तऐवज यांना नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे शिक्का नसलेला आराखडाही गुन्ह्याचा विषय होऊ शकतो. प्रत्यक्ष हेराला पळवाट मिळू नये, या दृष्टीने हा अर्थ समजण्यासारखा आहे. संशोधकाच्या दृष्टीने मात्र त्याचा परिणाम असा, की कोणता कागद गुपित आहे हे त्या कागदावरून कळेलच याची शाश्वती राहत नाही.

इस्रो प्रकरण आणि त्याचा धडा

या संदिग्धतेची किंमत एखाद्या संस्थेला किती मोजावी लागते, हे १९९४ च्या इस्रो प्रकरणाने दाखवून दिले. भारताने १९९१ मध्ये रशियाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी क्रायोजेनिक इंजिने व त्यांचे तंत्रज्ञान मिळविण्याचा करार केला होता. अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ मध्ये त्यातील तंत्रज्ञान हस्तांतराचा भाग रद्द झाला आणि केवळ तयार इंजिनांवर समाधान मानावे लागले. स्वदेशी क्रायोजेनिक प्रकल्पाची धुरा नंबी नारायणन यांच्याकडे होती. ३० नोव्हेंबर १९९४ रोजी केरळ पोलिसांनी त्यांना अटक केली. अग्निबाणाच्या इंजिनांची रेखाचित्रे व दस्तऐवज परकीयांना विकल्याचा आरोप होता. सुमारे पन्नास दिवस ते कोठडीत होते.

तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेल्यानंतर १९९६ मध्ये त्या विभागाने हे आरोप सिद्ध होत नसल्याचा अहवाल दिला आणि न्यायालयाने तो स्वीकारला. राज्य शासनाने पुन्हा तपास सुरू करण्याचा प्रयत्न केला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. १४ सप्टेंबर २०१८ रोजी याच न्यायालयाने नारायणन यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि पोलीस अधिकाऱ्यांच्या वर्तनाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. के. जैन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अटकेपासून या आदेशापर्यंत जवळजवळ चोवीस वर्षे लोटली होती.

या प्रकरणाची चर्चा बहुधा पोलिसी अत्याचार आणि कथित आंतरराष्ट्रीय कारस्थान यांभोवती फिरते. कायद्याच्या अभ्यासकाने मात्र अन्वेषण विभागाच्या अहवालातील एका निरीक्षणाकडे लक्ष द्यावयास हवे. इस्रोमध्ये रेखाचित्रांवर व दस्तऐवजांवर गुप्ततेची वर्गवारी दर्शविण्याची पद्धत नव्हती आणि वैज्ञानिकांना कागदपत्रे देण्याबाबत संस्थेचे धोरण खुले होते, असे त्यात नमूद आहे. संशोधन संस्थेसाठी हे धोरण स्वाभाविकच होते, कारण इंजिनाच्या एका भागावर काम करणाऱ्यास दुसऱ्या भागाची रेखाचित्रे पाहावी लागतात. परंतु त्यामुळे नेमके कोणते गुपित बाहेर गेले, हा पहिला प्रश्नच बाजूला पडला आणि कोण कोणास भेटले, याच प्रश्नावर अटका झाल्या. तंत्रज्ञान केवळ रेखाचित्रांत नसते, ते घडविणाऱ्या हातांत आणि वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतही असते, हा साधा विचारही झाला नाही. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे पहिले यशस्वी उड्डाण जानेवारी २०१४ मध्ये झाले. हा सर्व विलंब खटल्यामुळेच झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण प्रकल्पप्रमुख गमावण्याचा फटका बसलाच नाही, असेही म्हणता येत नाही.

अलीकडचे एक प्रकरण नागपूरचे आहे. ब्राह्मोस क्षेपणास्त्राशी संबंधित एका अभियंत्यास ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली व जून २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने त्यास जन्मठेप सुनावली. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या मुख्य आरोपांतून त्यास मुक्त केले आणि माहितीची वाजवी काळजी न घेतल्याबद्दलची कलम ५ खालील दोषसिद्धी तेवढी कायम ठेवली. वैयक्तिक संगणकावर कामाच्या फायली ठेवणे हा निष्काळजीपणा आहे, यात शंका नाही. पण निष्काळजीपणा आणि फितुरी यांत महदंतर आहे, आणि ते ठरण्यास सात वर्षे लागली.

विशिष्ट कायद्यांची निराळी पद्धत

शासकीय गुपिते अधिनियमाच्या तुलनेत काही विशिष्ट कायद्यांची रचना अधिक रेखीव आहे. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाचे कलम १८ या दृष्टीने अभ्यासनीय होते. अणुऊर्जा संयंत्र, त्याची कार्यपद्धती व त्यातील प्रक्रिया यांसंबंधीच्या माहितीवर केंद्र शासनाने आदेशाद्वारे निर्बंध घालावा, अशी त्यात व्यवस्था होती. जी माहिती कलमाचा भंग न होता आधीच सर्वसामान्य लोकांना उपलब्ध झाली आहे, तिच्या पुढील प्रकटीकरणास हे कलम लागू नसे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या अधिनियमाची जागा घेणारा नवा कायदा संमत केला आणि अणुऊर्जा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. माहितीवर निर्बंध घालण्याचा अधिकार त्यातही शासनाकडे आहे. पूर्वी ही बंधने मुख्यतः शासकीय वैज्ञानिकांवर पडत. आता खासगी आस्थापनेतील अभियंताही त्यांच्या कक्षेत येईल.

पेटंट अधिनियमाची कलमे ३५ ते ४२ तर या चर्चेत फारशी कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. एखादा शोध संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटल्यास पेटंट नियंत्रक त्याच्या प्रसिद्धीस मनाई करणारा निर्देश देऊ शकतो. त्या निर्देशाचा दर सहा महिन्यांनी फेरविचार व्हावा लागतो. मनाईमुळे अर्जदारास हानी सोसावी लागली, तर त्यास रक्कम देण्याचीही तरतूद आहे. भारतात राहणाऱ्या शोधकर्त्याने परदेशात थेट अर्ज करावयाचा तर पूर्वपरवानगी लागते, अथवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. येथे गुपित कोणते हे लेखी कळते, ते कधीपर्यंत गुपित राहील याचा विचार होतो आणि ज्याच्यावर बंधन पडते त्याचे नुकसानही विचारात घेतले जाते. सामूहिक संहारक शस्त्रांसंबंधीच्या २००५ च्या अधिनियमातही ‘तंत्रज्ञान’ या शब्दाची व्याख्या करताना सार्वजनिक क्षेत्रात असलेली माहिती वगळलेली आहे.

माहितीचा अधिकार आणि संशोधन

माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ८(१)(क) मध्ये राज्याच्या ‘वैज्ञानिक’ हितसंबंधांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यांना बाधक ठरणारी माहिती नाकारता येते. मात्र कलम ८(२) नुसार, प्रकटनातील लोकहित संभाव्य हानीहून मोठे असल्यास शासकीय गुपिते अधिनियम असतानाही माहिती देता येते. राफेल प्रकरणी एप्रिल २०१९ मध्ये, वृत्तपत्रांत आधीच प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजांचा विचार करण्यास शासनाने घेतलेला आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा या पोटकलमाचाही आधार घेतला होता.

दुसरीकडे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचे नाव याच अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्यामुळे भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता संपूर्ण संघटनाच अधिनियमाबाहेर राहते. तिच्या काही प्रयोगशाळा सैनिकांच्या आहारावर व उंच प्रदेशातील शेतीवर संशोधन करतात. क्षेपणास्त्राला आणि भाजीपाल्याला एकच पडदा लावण्यात सुरक्षिततेचे कोणते हित साधते, हे समजणे कठीण आहे.

सुधारणेचे प्रस्ताव

विधी आयोगाने १९७१ मध्ये आपल्या ४३ व्या अहवालात राष्ट्रीय सुरक्षेविषयीचे सर्व गुन्हे एका कायद्यात आणण्याचा विचार मांडला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जून २००६ मधील पहिल्या अहवालात शासकीय गुपिते अधिनियम निरसित करून त्याऐवजी राष्ट्रीय सुरक्षा अधिनियमात स्वतंत्र प्रकरण घालावे, अशी शिफारस केली. ती अमलात आलेली नाही. इंग्लंडने १९८९ मध्ये माहितीफुटीच्या गुन्ह्यांसाठी प्रत्यक्ष हानीची कसोटी अनेक बाबतींत आणली आणि २०२३ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने १९११ चा कायदाच निरसित केला. भारतीय अधिनियमाचा मूळ साचा त्याच्या जन्मभूमीत मोडीत निघाला आहे. भारतात मात्र तो वापरात आहे.

नवा कायदा झाल्यास पेटंट अधिनियमातील पद्धत त्यास आधारभूत ठरू शकेल. संशोधन प्रकल्प मंजूर होतानाच त्यातील कोणता भाग संरक्षित आहे हे लेखी ठरावे, ठरावीक मुदतीने त्याचा फेरविचार व्हावा, निष्काळजीपणा आणि हेरगिरी यांचे गुन्हे वेगळे असावेत आणि प्रसिद्ध झालेली माहिती कक्षेबाहेर असावी, एवढ्या तरतुदींसाठी कोणत्याही परदेशी प्रतिमानाची गरज नाही. त्या भारतीय कायद्यांत तुकड्यातुकड्यांनी आधीपासूनच आहेत. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी शासनाची तक्रार आवश्यक करणारे कलम १३ आजही आहे. त्याच धर्तीवर, पोलिसांच्या तपासाआधीच, संबंधित शास्त्राच्या तज्ज्ञांचे मत घेणे बंधनकारक केले असते, तर १९९४ मध्ये तपासाचा आरंभ रेखाचित्रांपासून झाला असता.